खिसे रिकामे करून आत या

साल 1905. भाऊच्या धक्क्यावरून आगबोटीने तुम्ही रेवसला उतरलात, पुढे बैलगाडीने अलिबाग. भरतीच्या पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे, पण तुमचं काम इकडे चुंबकीय वेधशाळेत. दारातच गडी अडवतो. ‘‘चाव्या, चाकू, छत्री बाहेर ठेवा, साहेब.’’ छत्रीच्या काड्याही लोखंडाच्याच ना!

आत काळोख. भिंतीला हात लावून पाहा. कोकणातल्या काळ्या दगडात लोहखनिज असतं, त्याने चुंबक भुलेल. म्हणून पारखून पोरबंदरचा दगड आणलाय. मधोमध बारीक धाग्याला टांगलेलं चुंबक, त्याला चिकटवलेला इवलासा आरसा. आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका संथ फिरणाऱ्या नळकांड्यावरच्या फोटोच्या कागदावर पडतो. कागद धुतला की पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिवसभराची रेघ उमटते. दुपारच्या सुमारास तिला उंचवटा येतो, कारण सूर्य वरच्या हवेत विजेचे प्रवाह खेळवतो.

हा खटाटोप अलिबागला का? मुंबईत विजेची ट्राम येणार आहे आणि तिच्या प्रवाहाने तिथल्या, मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकं बिथरणार. शहराला ट्राम हवी होती, तेव्हा संचालक डॉ. नानाभाई मूस यांनी मोजमाप खाडीपार आणलं. मात्र जुनी जागा लगेच सोडली नाही. 1904 ते 1906 दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी झाल्या, म्हणजे नवे आकडे जुन्यांशी जुळवता येतील. मला विचाराल तर खरी कामगिरी ही.

तिची किंमत कळायला आणखी मागे चला. 2 सप्टेंबर 1859, मुंबईचा कुलाबा. इथे अजून फोटोचा कागद नाही. निरीक्षक दुर्बिणीतून पट्टीवरचे आकडे वाचून वहीत उतरवतोय. आकडे एकाएकी घसरतात. बाहेर भर दिवस, आकाशात काही दिसत नाही. हे सौर वादळ होतं. त्यातच उत्तरेचा ध्रुवीय प्रकाश पार क्युबापर्यंत उतरला आणि तारघरांत ठिणग्या उडाल्या, हे त्याला कुठून कळणार? तो दर काही मिनिटांनी वाचत राहतो, बस्स. याच पानांवरून 2003 साली शास्त्रज्ञांनी त्या घसरणीचा आकडा मांडला: सुमारे 1600 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक).

आता आजच्या काळात या. अलिबागची वेधशाळा नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. जिच्यामुळे ती इथे आली, ती मुंबईची ट्राम 1964 साली बंद झाली. मोजमाप चालू आहे.