कडेवरचे मूल आणि इतिहासाची नोंद

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चांद्याला धम्मदीक्षेचा सोहळा झाला. नागपूरच्या १४ ऑक्टोबरच्या सोहळ्याबद्दल आपल्याकडे जेवढे लिहिले गेले, तेवढे या दुसऱ्या सोहळ्याबद्दल लिहिले गेले नाही. त्या दिवशी चांदा जिल्हा मध्य प्रदेश राज्यात होता. पंधरा दिवसांनी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांनी पुढाकार घेतला, बाबासाहेब आले, लाखोंच्या समुदायाने दीक्षा घेतली. एवढे आपण सांगतो आणि थांबतो.

पण समुदाय म्हणजे कोण? लोक 'सहकुटुंब' आले असे लिहिले की बाई त्या एका शब्दात बुडून जाते. आणि जिच्या घरात पुरुषच नव्हता, जी मूल कडेवर घेऊन एकटी आली, तिला कोणत्या रकान्यात बसवायचे? 'सहकुटुंब' या शब्दात तीही मावत नाही. हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. मी अशाच एका बाईची मुलगी आहे. माझी माय १९५६ मध्ये नव्हती, तिची माय होती. परंतु १६ ऑक्टोबरची वाट मायने मोडली नाही आणि त्या वाटेवर मला कडेवर घेऊन ती दरवर्षी गेली.

माझा बाप मी दोन वर्षांची असताना चंद्रपूरकडे कामाला गेला आणि तिकडेच त्याने दुसरे घर केले. गावाच्या भाषेत माय 'सोडलेली' झाली. शब्द नीट पाहावा. सोडणारा तो, पण नाव तिला लागले. सरकारी कागदावर ती 'परित्यक्ता' झाली आणि अर्ज करायच्या वेळी 'निराधार'. वस्तुतः त्या घराचा आधार तीच होती.

आमचा ब्रह्मपुरीकडचा भाग धानाचा आणि जंगलाचा. तिचे वर्ष कॅलेंडरवर चालत नसे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने, पावसाळ्यात रोवणा, दिवाळीनंतर धानाची कापणी. या प्रत्येक कामावर मी तिच्याबरोबर असे, कारण मला ठेवायला घरात दुसरे माणूस नव्हते. रोवण्याच्या दिवसांत ती बांधीत चिखलात वाकलेली आणि मी धुऱ्यावर पळसाच्या पानांखाली बसलेली. तेंदूच्या दिवसांत पहाटे अंधारातच निघावे लागे. अस्वलाची भीती असे म्हणून बाया घोळक्याने जात. लेकुरवाळी बाई घोळक्याचा वेग कमी करते, म्हणून तिला सोबत घ्यायला सगळ्याच तयार नसत. दुपारी घरी पाने जुळवायची. सत्तर पानांचा एक पुडा. मी अंक शिकले ते शाळेत नव्हे, तेंदूच्या पानांवर. सत्तरपर्यंत मला बिनचूक मोजता येई. शंभर म्हणजे काय ते पुढे शाळेत कळले. संध्याकाळी फळीवर मुन्शी पुडे मोजून घेई. एखादा पुडा त्याने नापास केला तर तिच्या बाजूने बोलायला कोणी पुरुष नसे. म्हणून ती मला पुढे करी आणि म्हणे, "माह्या पोरीनं मोजले हायेत."

एकट्या बाईच्या बाहेर जाण्याला आमच्या भागात आणखी एक भीती चिकटलेली होती. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अनाथ आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. देसाईगंज त्या वेळी चंद्रपूर जिल्ह्यातच होते. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला. देश ते प्रकरण 'मथुरा प्रकरण' म्हणून ओळखतो. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. १९७९ मध्ये चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अभ्यासक हा इतिहास येथपर्यंत सांगतात. पण आमच्या गावात त्याचा अर्थ इतकाच उरला की जिच्या मागे कोणी नाही तिने दिवस बुडायच्या आत घरी यावे. कायदा दिल्लीत बदलला. संध्याकाळची भीती गावात तशीच राहिली.

या सगळ्या जाण्या-येण्यांत एक जाणे वेगळे होते. ऑक्टोबरात धान निसवलेले असते आणि हाताला काम कमी असते, तरी मजुरीचे दोन दिवस बुडवणे तिला परवडणारे नव्हते. तिने ते दरवर्षी बुडवले. आदल्या रात्री भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधला जाई. एस.टी. नागभीड, सिंदेवाही, मूल करत चंद्रपूरला जाई. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नसे, म्हणून कंडक्टरसमोर मी बरीच वर्षे चार वर्षांचीच राहिले. मी विचारी, "माय, कोनाच्या वावरात चाललो?" ती म्हणे, "आज कोनाच्या कामाले नाही. आज आपल्या कामाले चाललो."

त्या दिवशी ती पांढरे लुगडे नेसे. नवरा जिवंत असताना पांढरे का नेसते म्हणून शेजारची म्हातारी दरवर्षी ओरडे. गावात पांढरे लुगडे म्हणजे रांडपण. दीक्षाभूमीवर मात्र हजारो बाया पांढऱ्या लुगड्यांत असत. त्यात सधवा कोण, विधवा कोण, सोडलेली कोण, हे ओळखायला काही खूणच उरत नसे. तेथे मायला कोणी "याचा बाप कुठं हाये?" असे विचारले नाही. वर्षातले हे दोनच दिवस असे होते की ती कोणाची कोण, हे तिला सांगावे लागले नाही.

हे मी केवळ मायच्या आठवणीपोटी सांगत नाही. यात इतिहासाचा एक मोठा धागा आहे. हिंदू संहिता विधेयक अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे त्या विधेयकाचे तुकडे करून कायदे झाले. त्यांपैकी अज्ञानत्व व पालकत्वाचा कायदा २५ ऑगस्ट १९५६ रोजी लागू झाला आणि तो बौद्धांनाही लागू आहे. त्या कायद्याने औरस मुलाचा नैसर्गिक पालक बाप ठरवला आणि त्याच्या 'नंतर' आई. पाच वर्षांपर्यंतचे मूल सामान्यतः आईजवळ राहावे असे म्हटले. म्हणजे सांभाळायचे तिने, पण सही त्याची. आणि मूल अनौरस असेल तर मात्र पहिला हक्क आईचा! जेथे बापाची अब्रू जाण्याची भीती, तेथे व्यवस्थेने आईला उदारपणे पुढे केले.

यानंतर दोन महिने होण्याच्या आत चांद्याला दीक्षा झाली. बावीस प्रतिज्ञांची रचना पाहा. त्या 'मी' ने सुरू होतात. नवऱ्याने घ्यायच्या आणि बायकोला लागू व्हायच्या, अशा त्या नाहीत. ज्या बाईला कायदा मुलाच्या पालकत्वात दुसऱ्या क्रमांकावर ठेवत होता, तिने मूल कडेवर घेऊन स्वतःच्या तोंडाने 'मी' म्हटले. माझ्या मते त्या दिवसाचा हा अर्थ आपण पुरेसा मांडलेला नाही. धर्मांतर हे समाजाचे होते हे खरेच; पण एकट्या बाईसाठी ते प्रथम तिचे स्वतःचे होते.

या 'मी'ची पूर्वतयारीही आपल्याच चळवळीत झाली होती. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत दत्तक घेतला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित स्त्रियांची परिषद भरली. तीत घटस्फोटाचा हक्क मागितला गेला, बहुपत्नीत्वाचा निषेध झाला आणि कामगार बायांसाठी रजा व निवृत्तिवेतनाची मागणी झाली. १९४३ मध्ये मजूर खात्याचे काम पाहताना बाबासाहेबांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूतिभत्त्याच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. आमच्या जिल्ह्याला कोळशाच्या खाणी नव्या नाहीत, म्हणून हे येथे सांगणे गरजेचे आहे. पुढे १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तर असे लिहिले होते की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी. मी लहानपणी ज्या कामांवर वाढले तेथे मला सांभाळायला होते ते झाडच.

आता थोडे आपल्याविषयी. आपण रमाईची गाणी गातो. १९२० ते १९२३ या काळात बाबासाहेब लंडनला असताना मुंबईत रमाईंनी लेकरांसह घर एकटीने चालवले. त्याला आपण त्याग म्हणतो आणि हात जोडतो. पण त्या घराचा रोजचा दिवस कसा जाई, हे विचारत नाही. त्याग म्हटले की श्रम दिसेनासे होतात. आणि ज्या वस्तीत रमाईची जयंती होते, त्याच वस्तीत सोडलेल्या बाईने विहारात पुढे बसू नये अशी कुजबुज मी ऐकलेली आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये दिले. चळवळीतल्या बायांना त्यांनी नावे मिळवून दिली. परंतु ज्या बायांनी भाषण केले नाही, ठराव मांडला नाही, फक्त लेकरू घेऊन गर्दीत उभ्या राहिल्या, त्यांची नोंद करण्याचे काम आपल्यावरच उरले आहे.

नोंद नसणे ही केवळ भावनेची गोष्ट नाही. तिची किंमत मोजावी लागते. मी अकरावीत असताना जातीचा दाखला हवा होता. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा पाहतात, आणि कार्यालयाने तो वडिलांकडचा मागितला. म्हणजे ज्या माणसाने आम्हाला सोडले, त्याच्या बापाच्या नावाची कोतवाल बुकातली नक्कल आणायला मायने त्याच्याच गावी जायचे! ती गेली. मी बरोबर होते. तीन फेऱ्या, तीन दिवसांची मजुरी. चुलत्याने अंगणात उभे ठेवले. माझ्या हातात कागद पडला तेव्हा माय म्हणाली, "वाढवली म्या, अन् जात देल्ली त्यानं."

जंगलाच्या हक्काचेही असेच. २००६ च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायकोच्या संयुक्त नावाने आणि घर एकटीचे असेल तर एकटीच्या नावाने द्यावा असे स्पष्ट आहे. या कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवला, हे अभिमानाने सांगावे असे आहे. पण आदिवासी नसलेल्या वननिवाशांना, म्हणजे आपल्यासारख्यांना, २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, पंचाहत्तर वर्षांचा पुरावा लागतो. सासरहून निघालेल्या आणि माहेरच्या कागदावर नसलेल्या बाईने तीन पिढ्या कोणाच्या मोजायच्या?

काही बदलले आहे. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बापाच्या 'नंतर' याचा अर्थ बापाच्या 'अभावी' असा लावला; बाप जिवंत असून लक्ष देत नसेल तरी आई पालक ठरते. २०१५ मध्ये अविवाहित आईला बापाला नोटीस न देता पालकत्व मागता येते असा निर्णय झाला. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव सक्तीचे झाले. बायांना एस.टी.त २०२३ पासून अर्धे तिकीट आहे, मायला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "आता माहंच वय लपवाची गरज नाही." हे सारे स्वागतार्ह आहे. पण कायदा कागद देतो. प्रतिष्ठा समाजालाच द्यावी लागते, आणि तिची सुरुवात आपल्या विहारापासून व्हायला हवी.

माझ्या वर्गात दरवर्षी काही मुले-मुली अशी असतात की वडिलांचे नाव सांगताना त्यांचा आवाज खाली जातो. त्यांना मी एक काम देते. आपल्या घरातून दीक्षाभूमीला प्रथम कोण गेले, कशाने गेले, कडेवर कोण होते, बरोबर काय खायला होते, किती दिवसांची मजुरी बुडाली, हे आजीला-मायला विचारून लिहून आणायचे. बहुतेक वह्यांत काही तरी सापडतेच. शिक्षक आणि कार्यकर्ते मित्रांनी आपापल्या गावी हे करावे. माझ्या वहीतली पहिली ओळ मायने सांगितलेली आहे. तिची माय पायी निघाली होती, आणि कडेवर दीड वर्षाचा मुलगा होता.