अमेरिकेची आरंभीची सुवर्णनाणी
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १७९५ ते १८३४ या काळात फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पाडलेली २२ कॅरट सोन्याची नाणी. १७९२ च्या कायद्याने १० डॉलरचे ईगल, ५ डॉलरचे हाफ ईगल व अडीच डॉलरचे क्वार्टर ईगल ही मूल्ये ठरली. कायद्यातील सोने-चांदीच्या १:१५ या प्रमाणापेक्षा युरोपात सोने महाग असल्याने बरीच नाणी परदेशी जाऊन वितळवली गेली. म्हणून ती दुर्मिळ झाली. त्यांची किंमत ठरवताना वर्ष, साच्याचा प्रकार, शिल्लक नगांची संख्या आणि १ ते ७० अंकांच्या शेल्डन श्रेणीतील दर्जा पाहतात. घासून उजळलेल्या किंवा दागिन्यासाठी कडी जोडलेल्या नाण्याची किंमत उतरते. १८२२ च्या हाफ ईगलचे तीनच नग ज्ञात आहेत. दोन स्मिथ्सोनियन संस्थेत असून तिसरा २०२१ मध्ये ८४ लाख डॉलरना विकला गेला.