हरणाची गोळी

शिकारीच्या गोळीचा इतिहास वसंत व्याख्यानमालेत सांगावयास उभे राहणे हे थोडे धारिष्ट्याचेच काम. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार बंद झाली, आणि ती बंद झाली याचा आम्हांस आनंदच आहे. तरीही हा विषय आम्ही घेतला, कारण या शिशाच्या तुकड्याच्या कथेत एक असा पेच आहे की जो कलकत्त्याजवळ सुरू झाला, हॉलंडात गाजला, आणि स्कॉटलंडच्या कायद्यात आजही जसाच्या तसा बसून आहे.

प्रथम 'बारा बोअर' या शब्दाचा अर्थ पाहू. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतली एक ज्या नळीत चपखल बसेल ती बारा बोअरची नळी. म्हणजे गोळीचे वजन सुमारे ३८ ग्रॅम, व्यास साडेअठरा मिलिमीटर. नळी आतून गुळगुळीत असल्यामुळे वाटोळी गोळी चाळीस-पन्नास पावलांपुढे कोठे जाईल याचा भरवसा नसे. जाड छर्रे भरावेत तर ते फाकत; दोन-चार हरणाच्या अंगात शिरत आणि जखमी जनावर रानात नाहीसे होऊन दोन दिवसांनी मरे. शिकाऱ्याची खरी नामुष्की नेम चुकण्यात नाही, या जखमी हरणात आहे. पुढची सारी खटपट तिच्यापायी झाली.

लाइपझिगच्या विल्हेल्म ब्रेनेके यांनी १८९८ मध्ये एक गोळी काढली. पुढे घट्ट शिसे आणि मागे स्क्रूने बसविलेला नमद्याचा हलका गट्टू, अशी तिची रचना. वजन पुढे व शेपूट हलके, त्यामुळे ती बाणासारखी सरळ जाई. तिच्या अंगावरील तिरप्या कंगोऱ्यांनी ती गरगर फिरते असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः नळीच्या अरुंद तोंडातून जाताना ते कंगोरे दबावेत, हाच त्यांचा मुख्य उपयोग. अमेरिकेत कार्ल फॉस्टर यांनी १९३१ मध्ये मंदीच्या दिवसांत याहून साधी युक्ती केली. घरी एकच छऱ्याची बंदूक आणि ताटात मांस नाही, अशा लोकांसाठी त्यांनी गोळी मागून पोकळ केली. बॅडमिंटनचे फूल जसे जड टोक पुढे करून उडते तशी ती उडते. (या खेळास एके काळी 'पूना' म्हणत, हे पुणेकर श्रोत्यांस सांगावयास नकोच!) गुळगुळीत नळीतूनही सत्तर-ऐंशी मीटरपर्यंत नेम धरता येऊ लागला. ही गोळी मुळातच अंगठ्याएवढी जाड. फुलली नाही तरी तिची वाट रुंदच होते.

रायफलीची गोष्ट निराळी. तिची गोळी सात-आठ मिलिमीटरची, पण वेग दुप्पट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूररहित दारू आली, वेग वाढला, आणि शिसे नळीत वितळू-घासू नये म्हणून त्यावर कठीण धातूचे कवच चढले. अशी गोळी हरणाच्या अंगातून सुईसारखी आरपार जाते. जनावर मैलभर पळते. म्हणून शिकाऱ्यांनी टोकाचे कवच काढून शिसे उघडे ठेवले. ते आत शिरताच भूछत्रासारखे पसरते, फुप्फुसे फाटतात, आणि हरिण बहुधा शंभर पावलांच्या आत पडते. क्रूरता म्हणा, दया म्हणा. दोन्ही एकाच गोष्टीची नावे आहेत.

आता पेच पाहा. १८९५ च्या चित्रळ मोहिमेत इंग्रज शिपायांनी तक्रार केली की नव्या .३०३ गोळीने समोरचा माणूस थांबत नाही. दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचे कवच किंचित उघडे केले आणि 'दमदम' हे गावाचे नाव जगभर शिवीसारखे पसरले. ट्युबिंगेनचे शल्यवैद्य ब्रुन्स यांनी प्रयोग करून या गोळीचे भयंकर परिणाम प्रसिद्ध केले. त्यावर अ‍ॅबरडीनचे ऑगस्टन यांनी दाखवून दिले की ब्रुन्स यांनी वापरलेल्या गोळ्या मुळी दमदमच्या नव्हत्याच. त्या अधिक शिसे उघडे असलेल्या शिकारीच्या गोळ्या होत्या! शास्त्रीयदृष्ट्या ऑगस्टन यांचे म्हणणे बरोबर होते. पण त्याच इंग्रजांचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी १८९९ च्या हेग परिषदेत जे मांडले ते ऐकून आजही मान खाली जाते. सुधारलेला शिपाई जखमी होताच मागे सरतो, रानटी मनुष्य मात्र धावतच येतो, म्हणून त्याच्यासाठी निराळी गोळी हवी, असा त्यांचा युक्तिवाद. सरहद्दीवरचा पठाण हा त्यांच्या हिशेबी शिकारीच्या सदरात मोडत होता. परिषदेने ते मानले नाही. अंगात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वर्ज्य ठरल्या. इंग्लंड व अमेरिका यांनी विरोधी मत दिले, आणि इंग्लंडने १९०७ मध्ये सही केली.

उलट स्कॉटलंडच्या १९८५ च्या आज्ञेप्रमाणे हरणावर झाडावयाची गोळी ठराविक रीतीने पसरणारीच असली पाहिजे. मोठ्या तांबड्या हरणासाठी २०२३ पर्यंत ती किमान १०० ग्रेन वजनाची असावी लागे. शत्रूवर जी झाडणे हा गुन्हा, ती हरणावर न झाडणे हा गुन्हा. आम्हांस यात विसंगती दिसत नाही. शत्रूस लढाईबाहेर काढले की काम संपते, तो बरा होऊन घरी जावा हीच अपेक्षा. हरणास कोणी इस्पितळात नेत नाही.

गोळी पसरावी, पण फार लवकर नव्हे, हेही अनुभवानेच कळले. १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर यांची गोळी चिखल माखलेल्या एका मूसच्या कातड्यातच फुटून गेली. त्यांनी मग गोळीच्या मध्ये तांब्याची आडभिंत घातली; पुढचा भाग पसरतो, मागचा शाबूत राहून खोल जातो.

अमेरिकेच्या सपाट शेतीमुलखात, आयोवा, इलिनॉय, ओहायो इत्यादी राज्यांत, रायफलीची गोळी मैलोगणती जाते म्हणून दीर्घकाळ फक्त छऱ्याच्या बंदुकीतील जाड गोळीसच मुभा होती. हा शहाणपणा सर्वांस पटलेला होता. पण पेन्सिल्व्हेनियाच्या विधिमंडळासाठी २००७ मध्ये झालेल्या अभ्यासात आढळले की आडवी झाडलेली जाड गोळी जमिनीवर आपटून उसळली, तर रायफलीच्या गोळीपेक्षाही दूर जाऊ शकते. ओहायोने २०१४ मध्ये आणि इलिनॉयने २०२३ मध्ये काही मर्यादित प्रकारच्या रायफलींस परवानगी दिली.

राहता राहिले शिसे. फुटणाऱ्या गोळीचे बारीक कण मांसात व टाकलेल्या आतड्यांत पसरतात. कॅलिफोर्नियाचा काँडोर हे आतडे खाणारे गिधाड. १९८२ मध्ये त्याची अवघी २२ डोकी उरली होती, आणि त्यास मारणाऱ्या कारणांत शिशाची विषबाधा अग्रस्थानी आहे. आपली गिधाडे मेली ती गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकने. गोळीचा त्यात दोष नाही. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीतील शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. तेथील शिकारी आता तांब्याची गोळी भरतात. ती पाकळ्यांसारखी उमलते, पण तिचे कण होत नाहीत. जुने शिकारी कुरकुरतात की ती महाग पडते आणि बंदूक पुन्हा नव्याने नेमावर बसवावी लागते.