वाहन निदान प्रोटोकॉल

वाहन निदान प्रोटोकॉल : वाहनातील इलेक्ट्रॉनिक नियंत्रण एकके आणि बाहेरून जोडलेला स्कॅनर यांच्यातील संदेशांची देवाणघेवाण ठरवून देणारी प्रमाणित नियमावली. उत्सर्जनावर लक्ष ठेवण्यासाठी अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारगाड्यांत ओबीडी-२ ही स्वयंनिदान पद्धती अनिवार्य झाली; भारतात चारचाकींसाठी भारत स्टेज-४ मानकांबरोबर ओबीडी-१ २०१० पासून व ओबीडी-२ २०१३ पासून लागू झाली [→ भारत स्टेज मानके]. अशा वाहनांच्या प्रमाणनासाठी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (स्थापना १९६६) चाचण्या घेते.

जोडणी १६ पिनांच्या सॉकेटमधून होते व त्यातील ६ आणि १४ या पिनांवर कॅन जाळे असते [→ कॅन बस]. आयएसओ १४२२९ (यूडीएस) या मानकात स्कॅनरच्या विनंतीचा पहिला बाइट सेवाक्रमांक असतो. उदाहरणार्थ, षोडशमान २२ म्हणजे माहिती वाचणे, ज्याचे होकारार्थी उत्तर ४० मिळवून ६२ ने, तर नकार ७एफ ने सुरू होतो. दोष संकेतांकांनी नोंदवले जातात. पी०३०१ हा पहिल्या सिलिंडरमधील मिसफायर दर्शवतो. मालमोटारींच्या वर्गासाठी एसएई जे१९३९ ही स्वतंत्र मानकमालिका आहे. समान नियमांमुळे एकाच स्कॅनरने विविध उत्पादकांच्या वाहनांतील उत्सर्जनविषयक दोष वाचता येतात [→ इंजिन नियंत्रण एकक].