चिखल तुडवण्याची फी

गेल्या मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी माझी मुलगी घरी आली ती पायाच्या नखांत लाल माती घेऊन. कर्जतच्या पलीकडे एका शेतावर तीन दिवसांची कार्यशाळा होती. सकाळी वाफे करायचे, पालापाचोळा कुजवायचा. दुपारी मातीत पेंढा आणि पाणी घालून ती पायांनी मळायची आणि तिचे गोळे एकावर एक बसवून भिंत उचलायची. जेवणखाण, तंबूतली झोप आणि शिकवणी मिळून साडेसहा हजार रुपये. आमच्या शिवडीच्या चाळीतल्या खोलीत ती हे सगळं एका दमात सांगत होती. माझी आई खाटेवर बसून ऐकत होती. तिनं एकच विचारलं, "पैसे त्यांनी तुला दिले, की तू त्यांना?" (आमच्या घरात दखनी बोलतात, इथे मी मराठी करून सांगतो आहे.)

मुलीनं खरं ते सांगितलं. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी लग्न होऊन आल्यापासून तिनं दर उन्हाळ्यात चिखल तुडवला होता. फीचा प्रश्न कधी आला नव्हता. मग मुलीनं तिला मोबाइलवर भिंतीचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "दादी, गावाकडची आपली पडकी खोली आपण अशीच मातीत उभी करू या." आईचं हसू थांबलं. "मातीत नको," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

ती का हसली आणि का गप्प झाली, हे सांगायचं तर थोडा इतिहास सांगावा लागेल.

या कार्यशाळांना पर्माकल्चरच्या कार्यशाळा म्हणतात. शब्द ऑस्ट्रेलियातला. बिल मॉलिसन आणि त्यांचा विद्यार्थी डेव्हिड होमग्रेन यांनी टास्मानिया बेटावर तो घडवला आणि १९७८ साली त्यावर पहिलं पुस्तक काढलं. जंगलाला कुणी खत घालत नाही, तरी ते पिढ्यान्‌पिढ्या उभं असतं. मग शेत आणि घर त्याच्याकडे बघून का मांडू नये, असा तो विचार. पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, सावली कधी कुठे पडते, न्हाणीचं पाणी कुठल्या झाडाला जाईल, हे आधी पाहायचं, कुदळ नंतर. १९८७च्या सुमारास मॉलिसन भारतात येऊन शिकवून गेले. पुढे बीदरच्या शेजारी, जहीराबादजवळच्या पस्तापूरला या पद्धतीचं शेत उभं राहिलं. २०१७ साली तर पर्माकल्चरवाल्यांचा जागतिक मेळावाच हैदराबादला भरला.

हे सगळं चांगलंच आहे. पण मुलीच्या वहीत पहिल्या दिवशीच्या व्याख्यानातली जी नावं होती ती ऑस्ट्रेलियातली आणि जपानमधली. गारगोटीचं नाव नव्हतं. याचं मात्र मला वाईट वाटलं.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीच्या मौनी विद्यापीठात श्रीपाद अच्युत दाभोळकर नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. त्याची गंमत अशी, की त्यात शिकवणारा वेगळा आणि शिकणारा वेगळा नव्हता. आपल्या रानात एखादी गोष्ट करून पाहायची, मोजायची, लिहायची आणि जे निघालं ते दुसऱ्या शेतकऱ्याला सांगायचं. तासगाव भागातल्या द्राक्षबागायतदारांनी हे मनावर घेतलं. शेतकी महाविद्यालयाचं तोंड न पाहिलेली माणसं वेलीच्या डोळ्यात घड कधी धरतो, छाटणी कोणत्या दिवसांत करावी, यावर शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं बोलू लागली. पाच माणसांचं कुटुंब दहा गुंठ्यांत नीट जगू शकतं, असं दाभोळकर हिशेब मांडून सांगत. ‘विपुलाच सृष्टी’ हे त्यांचं पुस्तक मी पहिल्यांदा उघडलं ते नाव आवडलं म्हणून. आत आकडेमोड निघाली. कवीची थोडी निराशा झाली, पण ठेवलं नाही.

त्यांच्या विचारातून आलेली माती करण्याची एक रीत आज पुष्कळांना ठाऊक आहे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजं शेण, एक लिटर गोमूत्र आणि पन्नास ग्रॅम काळा गूळ घालायचा, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ ढवळायचं, मग दहापट पाण्यात मिसळून त्यात वाळला पालापाचोळा दिवसभर भिजत ठेवायचा. तो बाहेर काढून थोड्या मातीबरोबर थर द्यायचे: दहा फूट लांब, तीन फूट रुंद, एक फूट उंच. काही महिन्यांनी हातात येते ती भुसभुशीत काळी माती. हिला ‘अमृत मिट्टी’ म्हणतात. दाभोळकरांचे शिष्य दीपक सुचदे यांनी मध्य प्रदेशात नर्मदाकाठी बजवाड्याला हेच काम पुढे नेलं. तिथे राहून, हात घालून शिकायला दूरदूरची माणसं जात. गुजरातच्या सीमेवर उंबरगावजवळ देहरीला भास्कर सावे होते. त्यांच्या ‘कल्पवृक्ष’ वाडीत शनिवारी लोक यायचे, झाडांखाली फिरायचे, म्हाताऱ्याला प्रश्न विचारायचे. सावे २०१५ साली गेले.

आमच्या बाजूला ही रीत आली ती गोदीच्या वाटेनं. तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टचं एक मध्यवर्ती स्वयंपाकघर होतं, कामगारांचं जेवण तिथे शिजे. भाज्यांची देठं, साली, उष्टं-खरकटं रोज किलोकिलोनं निघे. दाभोळकरांची पद्धत आणि गच्चीवर उसाच्या चिपाडांत भाजी पिकवणारे डॉ. दोशी यांचं मार्गदर्शन घेऊन, तिथल्या अधिकारी प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास हा कचरा गच्चीवर चढवला. सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या त्या गच्चीवर फळझाडं उभी राहिली. पुढे त्यांच्या ‘अर्बन लीव्हज’नं शहरातल्या लोकांना माती करायला शिकवलं. माझे वडील त्याच पोर्ट ट्रस्टच्या हद्दीत, कॉटन ग्रीनच्या गोदामांत कापसाच्या गाठी वाहत. ते तोवर गेले होते, नाहीतर त्यांना ही गच्ची दाखवायला नेलं असतं. गाव सोडलेल्या माणसाला गोदीच्या डोक्यावर पेरू लागलेला पाहून काय वाटलं असतं, कोण जाणे.

तसं शिवडीला हे अगदीच नवं नाही. आमची ख्रिस्ती दफनभूमी आहे ना, तिथे आधी ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग होती. देशोदेशीची रोपं आणून इथल्या हवेत जगतात का, हे पाहण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकात तिथे चाले. १८६५ साली आर्थर क्रॉफर्ड यांनी ती जागा दफनभूमीसाठी घेतली आणि बागेचा संसार भायखळ्याला राणीच्या बागेत गेला. तिथली झाडं पाहताना मला अजून वाटतं, की त्या जमिनीला जुनी सवय आहे.

पिकाच्या मातीचं हे झालं. आई गप्प झाली ती घराच्या मातीमुळे. तिकडे येतो.

मातीचं घर ही गरिबाची लाचारी नसून विचारपूर्वक केलेली निवड असू शकते, हे आपल्याकडे ठळकपणे दिसलं ते १९३६ साली वर्ध्याजवळ सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात. गांधीजींची अट अशी होती की झोपडीला खर्च पाचशे रुपयांच्या आत यावा आणि सामान व मजूर तिथलेच असावेत. माती, बांबू, कौलं. मीराबेननी मातीच्या भिंतीवर हातांनी ताडाची झाडं आणि चरखा उठवला. बापू कुटीत तो आजही दिसतो. काही वर्षांनी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, लॉरी बेकर नावाचा एक तरुण इंग्रज वास्तुविशारद मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत मुंबईत तीनेक महिने अडकून पडला. त्या मुक्कामात तो गांधीजींना भेटला. घराचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हा त्यांचा विचार त्यानं आयुष्यभर जपला आणि भारतात परत येऊन इथेच घरं बांधली. कर्जतच्या शिक्षकांच्या तोंडी बेकर यांचं नाव होतं, हे सांगायला हवं. बोट वेळेवर सुटली असती तर काय झालं असतं, असा एक गमतीचा विचार गोदीजवळ राहणाऱ्याच्या मनात येतोच.

आता किल्लारी.

२९ सप्टेंबर १९९३ची रात्र अनंत चतुर्दशीची होती. लालबागच्या मिरवणुकांचा आवाज आमच्यापर्यंत येत होता. मुंबईनं आधीचे डिसेंबर-जानेवारी पाहिले होते, मार्च पाहिला होता. विसर्जन शांततेत चाललंय म्हणून आमच्या चाळीतली हिंदू-मुसलमान सगळीच हुश्श करून झोपली. पहाटे चार वाजायला चार मिनिटं असताना तिकडे जमीन हलली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. मी तेविशीत होतो. आईला घेऊन सोलापूरपर्यंत रेल्वेनं गेलो, पुढे मिळेल त्या ट्रकनं. पाऊस होता. शेजारच्या गावात दिलेली माझी खाला आणि तिची दोन मुलं भिंतीखाली सापडली होती. आमच्या गावातलं घर अर्धं पडलं होतं. पुढची खोली भुईसपाट, मागची उभी. मागच्या खोलीच्या भिंतीही ढासळल्या होत्या, पण छत जागेवर होतं.

हे कोडं पुढे इंजिनिअरांनी उलगडलं. त्या भागातली घरं म्हणजे काळ्या, गोलसर, न घडवलेल्या दगडांच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती. दगड मातीच्या चिखलात बसवलेले. भिंतीला एक बाहेरचं अंग, एक आतलं अंग आणि मध्ये खडी-मातीची भर. या दोन अंगांना एकमेकांशी जखडणारे, आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घालायचे असतात. ते पुष्कळ घरांत नव्हतेच. जमीन हलली तशी दोन्ही अंगं कांद्याच्या पातीसारखी सुटली. आणि वर माळवद: लाकडांवर फूट-दीड फूट मातीचा थर. आई सांगते, मृगाच्या आधी गळती थांबावी म्हणून दरवर्षी पांढऱ्या मातीच्या चार पाट्या वर टाकायच्या. जुनी कुणी काढत नसे. असं पिढ्यान्‌पिढ्या चढलेलं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. जिथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांबांवर होता, म्हणजे ज्याला आपण खणांचं घर म्हणतो, तिथे भिंती पडल्या तरी छत पुष्कळदा तगलं. आमची मागची खोली खणांची होती. पुढची नंतर वाढवलेली, लाकूड परवडलं नव्हतं म्हणून नुसत्या दगडांवर छत टेकवलेलं.

मातीच्या बाजूनं उत्साहानं बोलणारे लोक हे सांगत नाहीत, आणि मातीला नावं ठेवणारे तर मुळीच नाही. भूकंपानंतर दगड-मातीचं नावसुद्धा कुणाला नको झालं. बावन्न गावं नव्या जागी वसवली गेली, सरळ रस्ते, सिमेंटची घरं. उरलेल्या गावांत मात्र जुनी घरं मजबूत करण्याचा मोठा कार्यक्रम होता. भिंतीला भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे आरपार दगडाचं काम होतं. छतावरची माती कमी करायची. दारांच्या वरून घराला पट्टा फिरवायचा. गवंड्यांना हे हातानं करून शिकवलं गेलं. ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेनं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहाय्यक’ म्हणून पुढे आणलं, आणि ज्या बायका आजवर फक्त सारवत होत्या त्या गवंड्याला ‘इथे भोक का नाही?’ असं विचारू लागल्या.

माझ्या मते महाराष्ट्रातली नैसर्गिक बांधकामाची सर्वांत मोठी कार्यशाळा हीच. तिला तंबू नव्हते आणि कुणी फोटो काढले नाहीत.

आमच्या गावातही एका घरावर असं काम सगळ्यांदेखत झालं. आई त्या दिवसांत गावीच होती. तिनं भिंतीच्या भोकात कोपरापर्यंत हात घालून पाहिलं होतं, असं चुलते सांगत. पण आमच्या घरासाठी ती तयार झाली नाही. पुढची खोली सिमेंट-पत्र्याची झाली. उन्हाळ्यात तिच्यात दुपारी बसवत नाही. मागच्या खणांच्या खोलीचे खांब आणि छत उरलं, भिंती तशाच ढासळलेल्या. मुलगी म्हणते ती हीच खोली.

त्या रविवारनंतर आठवडाभर विषय निघाला नाही. मग एका रात्री जेवताना आईनं आपण होऊन विचारलं, "तुझ्या त्या मास्तरनं माती कशी ओळखायला सांगितली?" मुलीनं सांगितलं, काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवायचं, वाळू खाली बसते, चिकण वर राहते, पट्टे मोजायचे. आई म्हणाली, "आम्ही वळकटी करून बोटाभोवती गुंडाळायचो. तडकली तर नको." मुलीनं वही आणली. मग प्रश्न आईनं विचारायचे आणि उत्तरं मुलीला न येता तिनं ती लिहून घ्यायची, असा प्रकार सुरू झाला. भार खांबावर ठेवणार की भिंतीवर? वर माती किती बोटं? जुनी काढून की तशीच? खांब बुडाशी वाळवीनं खाल्लेत का, सुरी खुपसून पाहिलं कोणी? दगड वापरणार असाल तर आरपार दगड किती हातांवर?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघं गावी जाणार आहोत. तिकिटं काढली आहेत. आईनं एक अट घातली आहे, की छतावरची माती उतरेपर्यंत रात्री सगळ्यांनी अंगणात झोपायचं.