बॅकबेचा भराव आणि जोखमीचे मापन

बांधकामातील जोखीम दगड, गाळ व भरती-ओहोटी ह्यांवर अवलंबून असते. बाजारातील जोखीम लोकांच्या अपेक्षांवर. मुंबईच्या बॅकबेच्या इतिहासात एकीच्या मापाने दुसरी मोजली गेली, आणि त्यातून मोठा अनर्थ ओढवला.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861–65) लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांकडे अपार पैसा आला. तो गुंतविण्यासाठी समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या. त्यांपैकी बॅकबे कंपनीच्या शेअरची दर्शनी किंमत 5,000 रुपये होती. भराव अद्याप व्हावयाचा असतानाच त्याचा भाव दर्शनी किमतीच्या अनेक पट चढला. चढता भाव हाच योजनेच्या भक्कमपणाचा पुरावा मानला गेला. समुद्राला अर्थात ह्या भावाची वार्ता नव्हती.

खरा दोष बँक ऑफ बॉम्बेच्या व्यवहारात दिसतो. 1863 च्या कायद्याने तिला शेअर तारण ठेवून कर्ज देण्याची मुभा मिळाली. वरवर पाहता ऋणको वेगळे, तारणेही वेगळी. वस्तुतः ऋणकोची पत आणि तारणाची किंमत दोन्ही कापसाच्या एकाच धाग्याला लोंबकळत होती. तो तुटल्यास धनी व तारण एकदमच बुडावयाचे. बँकेत सरकारचे भागभांडवल होते, संचालक मंडळावर सरकारनियुक्त सभासदही होते. तरीही हे परस्परावलंबन कोणी हिशेबात धरले नाही. एप्रिल 1865 मध्ये जनरल ली शरण आला, कापूस उतरला, आणि 1 जुलैस वायद्याचे सौदे पुरे करण्याची वेळ आली तेव्हा पेढ्यांमागून पेढ्या बुडाल्या. बँकेचे बहुतेक भांडवल नष्ट होऊन 1868 मध्ये ती गुंडाळावी लागली.

1920 मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत 1,145 एकरांची योजना सरकारने कर्ज उभारून स्वतःच हाती घेतली. आता सट्टेवाले नव्हते; त्यांची जागा अंदाजपत्रकाने घेतली, आणि त्यावरील विश्वासही तितकाच आंधळा ठरला. बंदराच्या तळाची माती अपेक्षेहून कठीण निघाली, ड्रेजरचा उपसा अंदाजापेक्षा पुष्कळ कमी पडला, आणि खर्च वाढत गेला. के. एफ. नरिमन यांनी ह्या कारभारावर टीकेची झोड उठविली. 1926 मध्ये मिअर्स समितीची चौकशी झाली. अखेरीस आठ विभागांपैकी पहिला, दुसरा, सातवा व आठवा एवढेच पुरे करण्यात आले. मधले चार त्या वेळी समुद्राकडेच राहिले.