बिबट्यासाठी डार्टची निवड

लांबून मोठे जनावर मारायचे तर काडतूस कोणते घ्यावे, यावर शिकाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काथ्याकूट केला. गोळीचे वजन, वेग, दूरवर गेल्यावर उरणारी ऊर्जा यांचे तक्ते त्यातूनच तयार झाले. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर आपल्याकडे त्या तक्त्यांचे काम जवळपास संपले. तरी नाशिक जिल्ह्यात त्याच प्रश्नाचे एक रूप अजून जिवंत आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नरकडच्या उसात बिबट्या राहतो, तिथेच त्याची पिल्ले वाढतात आणि कधी तो वाट चुकून थेट शहरात येतो. अशा वेळी त्याला मारायचे नसते, भूल द्यायची असते. मग डार्ट कोणता, औषध किती, दाब किती आणि अंतर किती, हे ठरवावे लागते. या चारांत अंतराचा निर्णय सर्वांत आधी व्हायला हवा आणि बाकीचे तीन त्याच्या मागून यावेत, असे माझे ठाम मत आहे.

शिकारीची गोळी आणि भुलीचा डार्ट यांची कामे एकमेकांच्या नेमकी विरुद्ध आहेत. थर्टी-ओ-सिक्स काडतुसाची 180 ग्रेनची गोळी म्हणजे जेमतेम 11.7 ग्रॅम धातू. नळीतून ती सेकंदाला सुमारे 820 मीटर वेगाने सुटते, म्हणजे तिच्यात 3,900 जूलच्या आसपास ऊर्जा असते. ही ऊर्जा जनावराच्या अंगात उतरावी यासाठीच ती निवडलेली असते. 10 ग्रॅमचा डार्ट 60 मीटर वेगाने सोडला तर त्यात फक्त 18 जूल असतात. कातडी भेदून सुई स्नायूत जायला तेवढे पुरते. वेग वाढवत नेला तर डार्ट खोल घुसतो, रक्तस्राव होतो आणि हाडावर बसला तर हाडही मोडते. गोळी निवडणारा ऊर्जा वाढवू पाहतो. डार्ट निवडणाऱ्याला मात्र काम भागेल एवढी, कमीत कमी ऊर्जा शोधावी लागते.

या कमी वेगाची किंमत अंतरात मोजावी लागते. हवेचा विरोध बाजूला ठेवून साधे गणित करू. 30 मीटर जायला 60 मीटर वेगाच्या डार्टला अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात तो सव्वा मीटर खाली येतो. तेच अंतर रायफलची गोळी सेकंदाच्या पंचविसाव्या भागात कापते आणि एक सेंटिमीटरही खाली येत नाही. आता बिबट्या 30 मीटरवर आहे असे धरून नेम घेतला आणि प्रत्यक्षात तो 35 मीटरवर निघाला, तर डार्ट नेमाच्या सुमारे 24 सेंटिमीटर खाली जातो. मांडीच्या मांसल भागावर धरलेला नेम एवढा ढळला की डार्ट पायाच्या हाडाजवळ लागतो किंवा पोटाखालून निघून जातो. शिवाय संथ चालणारा बिबट्यासुद्धा अर्ध्या सेकंदात अर्धा-पाऊण मीटर पुढे सरकतो. हवेचा विरोध धरला तर हे सगळे आकडे आणखी वाईट होतात. म्हणून 15 ते 20 मीटरवरून, थांबलेल्या जनावरावर मारलेला डार्ट हाच भरवशाचा. अंतर डोळ्यांनी अजमावू नये, लेझर रेंजफाइंडरने मोजावे. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुकीत दाबाचा काटा असतो. तो मोजलेल्या अंतराप्रमाणे लावायचा आणि त्याचा तक्ता आधीच त्याच बंदुकीवर, त्याच वजनाच्या पाण्याने भरलेल्या डार्टने, पुठ्ठ्यावर मारून तयार करायचा.

डार्टचा आकार ठरवते ते औषध. महाराष्ट्रात बिबट्यांसाठी झायलाझिन आणि केटामाइन ही जोडी बराच काळ वापरात आहे. किलोमागे साधारण 5 मिलिग्रॅम केटामाइन आणि 1.4 मिलिग्रॅम झायलाझिन हे प्रमाण धरले, तर 50 किलोच्या नराला 250 मिलिग्रॅम केटामाइन आणि 70 मिलिग्रॅम झायलाझिन लागते. केटामाइनच्या बाटलीत मिलिलिटरमागे 50 मिलिग्रॅम असेल तर एकट्या केटामाइनचेच 5 मिलिलिटर होतात. मिलिलिटरमागे 100 मिलिग्रॅमचे झायलाझिन मिसळले की एकूण 5.7 मिलिलिटर, म्हणजे 5 मिलिलिटरच्या डार्टमध्ये ते मावतच नाही. केटामाइन दुप्पट तीव्रतेचे मिळाले तर तोच डोस 3.2 मिलिलिटरमध्ये बसतो. डार्ट हलका होतो, त्याचे उड्डाण सरळ राहते आणि कमी दाबावर भागते. काडतुसाच्या दारूइतकेच इथे औषधाच्या तीव्रतेला महत्त्व आहे. कोणती बंदूक घ्यावी यावर तासन्‌तास बोलणारे लोक बाटलीवरचा हा आकडा वाचत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

डार्ट जवळून पाहिला तर त्याची रचना मोठी सुरेख असते. पुढच्या कप्प्यात औषध, मागच्या कप्प्यात दाबलेली हवा आणि मधे दट्ट्या. सुईचे टोक बंद असते, भोके तिच्या बाजूला असतात आणि त्यांच्यावर सिलिकॉनची छोटी नळी चढवलेली असते. सुई शिरताना कातडीला अडून ही नळी मागे सरकते, भोके उघडतात आणि हवेच्या दाबाने औषध स्नायूत जाते. शेपटीचा रंगीत गोंडा उड्डाण स्थिर ठेवतो आणि पुढे डार्ट शोधतानाही उपयोगी पडतो. न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला भुलीच्या बंदुका घडवल्या. साधन तेव्हापासून बरेच सुधारले, पण औषधाला लागणारा वेळ कोणालाही फारसा कमी करता आलेला नाही.

डार्ट बसला म्हणजे बिबट्या तिथेच कोसळतो, अशी सिनेमाने समजूत करून दिली आहे. प्रत्यक्षात पाच-दहा मिनिटे, कधी जास्तही लागतात आणि घाबरलेल्या, चवताळलेल्या जनावरावर औषध आणखी उशिरा चढते. तेवढ्यात तो भिंत ओलांडून पलीकडच्या अंगणात जाऊ शकतो. जानेवारी 2019 मध्ये नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सावरकरनगरात बिबट्या शिरला तेव्हा बघ्यांची गर्दी उसळली आणि काही जण जखमी झाले. म्हणून गल्लीची दोन्ही टोके आधी पोलिसांनी बंद करावीत, छतांवरची माणसे उतरवावीत आणि त्यानंतरच बंदूक बाहेर काढावी. गर्दी हटली की बिबट्या बहुधा एखाद्या जिन्याखाली किंवा झुडपात दबून बसतो. 15 मीटरचे अंतर तेव्हाच मिळते.

काही ठिकाणी डार्ट वापरूच नये. मळ्यातल्या बिनकठड्याच्या विहिरीत पडलेला बिबट्या पाण्यात असेल तर भूल चढताच तो बुडेल. तिथे दोरांनी बाज सोडायची, तिच्यावर त्याला टेकू द्यायचे आणि मग पिंजरा खाली उतरवायचा. उंच झाडावरच्या बिबट्याला खाली जाळे धरल्याशिवाय डार्ट मारू नये. उभ्या उसातही तो मारू नये, कारण बिबट्या कुठे पडला हे शोधायला माणसांना आत घालावे लागते. बिबट्या वन्यजीव अधिनियमाच्या अनुसूची एकमधला असल्याने त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, कारण कायद्याच्या व्याख्येत पकडणे हीसुद्धा शिकारच आहे.

बिबट्या निपचित पडला तरी लांब काठीने हलवून खात्री करावी. केटामाइनमुळे डोळे उघडेच राहतात, म्हणून त्यांत मलम घालून वर फडके बांधावे. श्वास आणि तापमान मोजत राहावे. उन्हाळ्यात अंगावर पाणी मारावे लागते. झायलाझिनवर योहिम्बिनचा उतारा आहे, केटामाइनवर नाही. त्यामुळे उतारा देण्याची घाई केली तर झायलाझिन उतरते, पण केटामाइनचा अंमल राहतो आणि बिबट्या झटके देत, धडपडत उठतो. आधी पिंजऱ्याचे दार लावावे, केटामाइनचा जोर ओसरू द्यावा आणि मगच उतारा द्यावा. मारलेले सगळे डार्ट, चुकलेलेसुद्धा, मोजून परत गोळा करावेत. न फुटलेल्या डार्टमधले औषध एखाद्या पोराच्या हातात पडले तर ते माणसालाही तितकेच घातक आहे.